हिरवं दार आणि भिंतीकडची जागा

टॅमरॅक फॉल्स,
नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा मोसम

तीर्थरूप एस्टेलताईस,

धाकट्या एमेटचा नमस्कार. हा नमस्कार उभ्यानेच केला आहे असं समज, कारण गेली कित्येक वर्षं मला कमरेतून वाकता येत नाही. कारण दुखणं नव्हे, पिस्तूल. त्याची हकीकत पुढे येईलच. आधी तुझ्या गुडघ्यांचं कळव. डावा जास्त दुखतो की उजवा? खुर्चीत एकदा बसलीस की उठायला अजून तेवढाच वेळ लागतो का? दोघांनी हात दिला तरी तू हलत नाहीस असं तुझी शेजारीण म्हणत होती, ते खरं का? (तुझी भावजय ओडील म्हणते, दुखणेकरी माणसाला असं खोदून खोदून विचारू नये. पण चौकशी करायचीच तर नीट करावी, या मताचा मी आहे.) आमच्याकडे सगळं ठीक. नदी अजून गोठलेली नाही, आणि गावात जो तो शिकारीचा भगवा कोट घालून, गाडीच्या काचेला रायफल टांगून हिंडतो आहे. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मी मात्र एवढंसं पिस्तूल शर्टाखाली लपवून हिंडतो, तर अख्खं गाव माझ्या कमरेकडे बघतं. लपवलेल्या वस्तूत लोकांना एवढा रस का असतो, हा एक मोठाच प्रश्न आहे.

पण खरा प्रश्न ओडीलने विचारला, तो दुकानात. मी भोपळा उचलायला म्हणून (वाकता येत नसल्यामुळे) तिरका होऊन बसलो, कोट वर गेला, आणि गल्ल्यावरच्या पोरीने हात वर केले. बिचारीला वाटलं दरोडा पडला. मी ओळखपत्र दाखवलं, तुरुंगाचा निवृत्त सार्जंट, कायद्याने मुभा आहे, दरवर्षी परीक्षा देतो वगैरे सगळं सांगितलं. पोरीने हात खाली घेतले, पण भोपळ्याची पिशवी मला न देता ओडीलला दिली. घरी येताना ओडील म्हणाली, "एमेट, एक सांग. टेकडीवरच्या तुरुंगात तू सगळी नोकरी खुनी आणि दरोडेखोरांच्या मधून रिकाम्या हाताने हिंडलास. आता भोपळा आणायला पिस्तूल कशाला?" मी म्हटलं, "आत बंदूक नेत नाहीत, कारण नेली तर संध्याकाळपर्यंत ती कैद्याच्या हातात असते. बंदुका फक्त बुरुजांवर." ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे. मी भोपळ्याचं विचारतेय." आणि ताई, मी नदी गोठली का ते बघू लागलो. म्हणजे उत्तर होतं, पण ते मी तिला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्यासारखे बाकीचे काय म्हणतात ते तरी पाहावं, म्हणून मी चौकशीला लागलो.

(चौकशीला आणखी एक कारण होतं, ते तुला आमच्या लेकीने, कॉरिनने सांगितलं असेलच. ईस्टरला छोटी जोझेट माझ्या मांडीवर चढून पेपरमिंट शोधत होती. आजोबांच्या कोटात पेपरमिंट असतं हे तिला माहीत. डाव्या खिशात असतं. तिने हात उजवीकडे घातला. पिस्तुलाच्या पाकिटाचं बटण बंद होतं, काही झालं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण कॉरिन इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स. तिने पोरीला कोट चढवला आणि ती निघाली. दारात म्हणाली, "बाबा, आमच्याकडे गोळी लागलेली जी माणसं आणतात ना, त्यांना कैद्याने मारलेलं मी अजून पाहिलं नाही. घरातल्याच पिस्तुलाने लागलेली पुष्कळ पाहिली." तेव्हापासून ती आलेली नाही आणि जोझेटही नाही. आता थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला या म्हटलं, तर म्हणते, ते घरात मोकळं असेल तर नाही. पेपरमिंट डाव्या खिशात तसंच आहे. चिकट झालंय, पण आहे.)

तर चौकशी. पहिली पायरी परीक्षेची, कारण यंदाची तारीख जवळ आलीच होती. आम्हा निवृत्तांना दरवर्षी मैदानावर जाऊन कागदी माणसावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात, तरच ओळखपत्र चालू राहतं. सगळे आपापले चष्मे, गोळ्या आणि पाठीचे पट्टे घेऊन जमतात. थंडी कडाक्याची, माझ्या चष्म्यावर वाफ आली, तरी मी शांतपणे, श्वास रोखून, अगदी शिकवलं तसं सगळं केलं. निकाल लागला तेव्हा माझा कागद कोरा करकरीत. शेजारच्या लूशियनच्या कागदावर मात्र त्याने झाडलेल्या गोळ्यांपेक्षा भोकं जास्त. परीक्षकाने लूशियनची पाठ थोपटली आणि मला पुन्हा बसवलं. दुसऱ्या खेपेला मी चष्मा पुसला आणि पास झालो. ओडीलला हे सांगायला नको होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्यावर कुणी चालून आलं तर शेजारच्याने जपायचं. सांगून ठेवू का त्यांना?"

दुसरी पायरी विनीच्या खानावळीतली. लूशियन, मेव्हिस, म्हातारा हार्लन आणि मी, असे आम्ही चौघे जुने पहारेकरी तिथे सकाळी न्याहारीला जमतो. तू आम्हाला कधी तिथे पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यातला माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही. पाठीला भिंत आणि डोळ्यांसमोर दार, ही सवय हाडात जाते. एकट्याची सवय असली तर खपून जाते, पण चौघांची तीच सवय म्हटल्यावर आम्ही मागच्या भिंतीच्या लांब बाकड्यावर ओळीने बसतो, आणि समोरच्या चारही खुर्च्या रिकाम्या. विनी मास्तरीणबाईंसारखी समोर उभी राहून अंड्यांची हजेरी घेते. गप्पा सगळ्या दाराकडे तोंड करून. इतक्या वर्षांची मैत्री, पण लूशियनचा चेहरा मला समोरून कसा दिसतो ते नीटसं ठाऊक नाही. त्याचा डावा कान मात्र तोंडपाठ आहे.

मी दाराकडे बघत बघत विचारलं, "काय रे, आपण हे कमरेला का बाळगतो?" लूशियन म्हणाला, "हक्क आहे म्हणून. पोलिसाला निवृत्तीनंतर मुभा, आणि आपण काय कमी? त्याची चोराशी गाठ तासाभराची, आपली जन्माची." हार्लन म्हणाला, आपल्याला सवय झाली आहे, पिस्तूल नसलं की एका बाजूला कलल्यासारखं होतं. (तो असतानाही कलतो.) मग मेव्हिस. ती विणता विणता म्हणाली, "माझी पोर लहान होती तेव्हा सुटलेला एक जण दुकानापासून गाडीपर्यंत माझ्या मागोमाग आला. काही केलं नाही. फक्त पोरीचं नाव घेऊन तिला टाटा केला. नाव त्याला कुणी सांगितलं? पोलीस यायला पाऊण तास लागतो आपल्याकडे. त्या पाऊण तासात मी काय करायचं ते तुझ्या ओडीलने सांगावं, मी आज ठेवून देते." ताई, मेव्हिस चुकते आहे असं कोण म्हणेल? तिचं पिस्तूल विणकामाच्या पिशवीत असतं आणि ते शोधताना तिची दरवेळी काखेत कळसा अशी गत होते, ही गोष्ट वेगळी.

आता माझं कारण. ते मी तिथेही सांगितलं नाही, तुला सांगतो. आमच्या बराकीत टिल्टन नावाचा एक कैदी होता. हाणामारीत एकाचा जीव गेला म्हणून आलेला, आत मात्र गप्प. एका वसंतात मी फाटक लावत असताना तो गजांमागून सहज म्हणाला, "सार्जंट, नदीकाठचं ते हिरव्या दाराचं घर तुमचंच ना?" माझी पाचावर धारण बसली. घराचा पत्ता आम्ही आपल्या पाद्र्यालासुद्धा जपून सांगतो. त्याच आठवड्यात मी सुट्टीच्या वेळी बाळगायला पिस्तूल घेतलं आणि दार तपकिरी रंगवलं. ओडीलला सांगितलं, हिरव्या रंगाने वाळवी लागते. (तिने नुकताच हौसेने तो रंग लावून घेतला होता.) पुढे तपकिरीचं करडं केलं, करड्याचं पांढरं. याला कसं कळलं, हा प्रश्न रात्रंदिवस डोक्यात. टिल्टन सुटला, मी निवृत्त झालो, प्रश्न तिथेच. असून अडचण, नसून खोळंबा असं ते पिस्तूल मी त्या एका प्रश्नापायी बाळगत आलो.

तर गेल्या मंगळवारी आम्ही ओळीने अंडी खात असताना खानावळीची घंटी वाजली आणि दारातून टिल्टन आत आला. केस पिकलेले, हातात अवजारांची पेटी. चौघांनीही त्याला एकदमच ओळखलं, आणि चार हात एकदमच कमरेकडे गेले. पुढे जे झालं ते टेकडीवरच्या कुणाला सांगू नकोस. लूशियनच्या कोटाची चेन अडकली. हार्लनने कॉफी स्वतःवर ओतून घेतली. मेव्हिसने पिशवीतून वीज चमकावी तसा अर्धा विणलेला मोजा बाहेर काढला. आणि मी न्याहारीचा रुमाल पट्ट्यात खोचला होता, तो पिस्तुलाआधी हातात आला, म्हणून मी त्याने तोंड पुसलं.

टिल्टनने टोपी काढली. "राम राम, सार्जंट. पाईचं कपाट दुरुस्त करायला आलोय." (विनीचं फळं भरून भाजलेले गोड पाई ठेवायचं काचेचं थंड कपाट बंद पडलं होतं, आतला दिवाही गेला होता, आणि सगळे पाई कपाटासमोरच्या छोट्या टेबलावर काढून ठेवले होते.) विनी म्हणाली, आधी पोटात दोन घास घाल. तो ताटली घेऊन वळला आणि जागा शोधू लागला. आणि ताई, त्याने जागा कशी शोधली ते मी पाहिलं. आधी दार, मग भिंत. आमच्यासमोर चार खुर्च्या रिकाम्या, पण त्या दाराकडे पाठ असलेल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाकड्याच्या टोकाशी आला. "सरकता का जरा?" आपण सगळे एकाच शाळेचे विद्यार्थी, फक्त वर्गाच्या दोन बाजूंना बसत होतो, हे मला त्या वेळी प्रथम सुचलं. मी सरकलो. तो माझ्या उजवीकडे टेकला. ती माझी पिस्तुलाची बाजू.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "सार्जंट, तुमचं काहीतरी टोचतंय मला."

"किल्ल्या," मी म्हटलं.

"निवृत्त माणसाकडे कसल्या किल्ल्या? आणि किल्ल्यांचा आवाज मी झोपेतही ओळखतो." मग त्याचा चेहरा उतरला. "आणखी कुणाकडे आहे या बाकड्यावर?"

आम्ही चौघेही दाराकडे बघत राहिलो. शेवटी मेव्हिसने विणायची सुई वर केली, वर्गात हात वर करावा तशी. टिल्टन ताटली घेऊन ताडकन उठला. "मी पॅरोलवर, अटींवर सुटलेलो आहे हो, बंदुकीजवळ फिरकायचंसुद्धा नाही. चार पिस्तुलांच्या पंगतीत जेवताना कुणी पाहिलं तर मला सरळ टेकडीवर परत पाठवतील." आणि तो गल्ल्यासमोरच्या उंच स्टुलावर जाऊन बसला. ती स्टुलं सगळी दाराकडे पाठ करून आहेत. घंटी वाजली की त्याची मान वळायची आणि कपातली कॉफी बशीत सांडायची. कोण आलं? टपालवाली. पुन्हा खाली मान. पुन्हा घंटी, पुन्हा मान. इतकी वर्षं ज्याला भिऊन मी घराचे रंग बदलले, तो माणूस माझ्या देखत पोस्टाच्या बाईला घाबरत होता. मला ते बघवेना. मी उठलो, बाहेर गेलो, पिस्तूल गाडीतल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं आणि परत आलो. (पट्टा पिस्तुलाच्या मापाने बांधलेला, त्यामुळे एका हाताने पॅंट धरून आलो. शूराचं येणं असं नसतं, पण काय करणार.) छोट्या टेबलावरचे पाई उचलून गल्ल्यावर ठेवले, कपाटाकडे पाठ असलेली खुर्ची टिल्टनला दिली आणि समोरच्या खुर्चीत मी बसलो. दाराकडे पाठ करून. भिंतीकडच्या बाकड्यावर लूशियनच्या हातून काटा पडल्याचा आवाज मी ऐकला.

टिल्टनने खुर्ची पुढे ओढून घेतली. मग म्हणाला, "खा तुम्ही निवांत. दाराकडे मी बघतो. कोणी आलं तर सांगतो." आणि खरंच सांगत राहिला. बाप-लेक आले, शिकारीवाले. आता पाद्रीबुवा. आता कुणी नाही, वारा आहे. ताई, मी अंडी गरम खाल्ली. गरम अंड्यांची चव वेगळी असते, हे मी विसरूनच गेलो होतो.

मग मी विचारलंच. "टिल्टन, माझं दार हिरवं आहे हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच," तो म्हणाला. "रोज फाटकाशी उभं राहून लूशियनसाहेबांना सांगायचात ना, बायकोला दार हिरवंच हवं, नदीवरून येताना दिसायला. शेवाळी की पोपटी, तिचं ठरत नाही, डबे आणून आणून नाकी नऊ आले म्हणून. अख्खी बराक ऐकायची. आत ऐकायला दुसरं होतं काय? आम्ही पैज लावली होती. मी शेवाळीवर दोन सूपची पाकिटं लावली. निकाल लागेना, म्हणून सगळ्यांनी मला विचारायला पुढे केलं. तर तुम्ही पांढरे पडलात आणि निघून गेलात. त्यानंतर दाराचं नाव नाही." तो जरा पुढे झुकला. "कुठलं ठरलं हो शेवटी?"

"शेवाळी," मी म्हटलं. "पण आता पांढरं आहे." पांढरं का, ते त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असावं, कारण त्याने उचललेला कप तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनींना हिरवं आवडायचं ना?" आणि पेटी उघडून कामाला लागला.

घरी जाऊन ओडीलला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. "वाळवी," एवढंच म्हणाली, आणि परसातल्या खोलीतून एक डबा घेऊन आली. शेवाळी. इतकी वर्षं तिने तो ठेवला होता. (झाकण उघडायला मलाच हातोडा आणायला लावला.) तेव्हा सांगायची गोष्ट ही की तुझा भाऊ आता भीतीतून मोकळा झाला आहे, दाराकडे पाठ करून बसू शकतो, आणि थँक्सगिव्हिंगला पिस्तूल तळघरातल्या तिजोरीत असेल. मेव्हिसने बाळगावं की नाही ते मेव्हिस जाणे, तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. माझ्या प्रश्नाचं मिळालं. तू नक्की ये. टर्की मोठा आणला आहे.

तुझा निर्भय भाऊ,
एमेट

ता.क. 'निर्भय' हा शब्द जरा घाईत लिहिला गेला. त्या दिवशी कपाटातला दिवा गेला होता आणि आत काळोख होता, त्यामुळे समोरच्या काचेत मला पाठीमागचं दार आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. टिल्टन सांगायच्या आधीच पाद्रीबुवा मला दिसले होते. पण हेही लिहितो, की त्याने दुरुस्ती केली, दिवा लागला, काचेत दाराच्या जागी चेरीचे पाई दिसायला लागले, आणि तरी मी तिथे बसून अर्धा कप कॉफी घेतली. अर्धाच. पण घेतली.

दुसरा ता.क. गुडघ्यांची चौकशी का केली ते आता सांगतो. आमच्या जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे एकच खुर्ची आहे, हातांची, खोलगट. ती रिकामी दिसली तर मी तीत बसणार, आणि मग जेवण संपेपर्यंत माझं लक्ष जोझेटकडे नाही, दाराकडे असणार. म्हणून तू सगळ्यांच्या आधी ये आणि त्या खुर्चीत बस. तू एकदा बसलीस की तुला उठवायची या घराण्यात कुणाची छाती नाही. गुडघे बरे असले तरी कुणाला सांगू नकोस.

तिसरा ता.क. पाकिटात काहीतरी टणक लागलं असेल. ती तिजोरीची किल्ली आहे, एकुलती एक. कॉरिनला फोनवर म्हटलं, तिजोरीत ठेवतो, येशील ना? ती म्हणाली, "आणि किल्ली?" शेवटी तुरुंगवाल्याची पोर. मी म्हटलं, माझ्याकडे. तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग म्हटलं, एस्टेलआत्याकडे. म्हणाली, "मग येतो आम्ही. जोझेटला सांगते." म्हणून हे सगळं पत्र. किल्ली येताना आणू नकोस. मी मध्येच फोन करून काहीतरी निमित्त काढीन, बरी निमित्तं काढता येतात मला. तू देऊ नकोस. मंडळी परत गेल्यावरही लगेच देऊ नकोस. विचारीन तेव्हा आधी मला विचार, भोपळा आणायचाय का.

घर चुकायचं नाही. दार पुन्हा हिरवं केलं आहे. वाटेत कुणी विचारलं, एमेटचं घर कुठलं, तर खुशाल सांग.